स्पेशल बीएडची दोन वर्षं

स्पेशल बीएडला, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांच्या बीएडला, प्रवेश घेतेय असं सांगितलं की घरी, चाळीत, लोकलच्या ग्रुपमध्ये एकच वाक्य ऐकू यायचं, "फार पुण्याचं काम आहे गं!" बोलणाऱ्यांच्या मनात माया असायची, म्हणून मी ऐकून घ्यायचे. आता अभ्यासक्रम संपला आहे, नोकरीही लागली आहे, आणि मला ठामपणे म्हणावंसं वाटतं की हे काम पुण्याच्या खात्यात टाकलं की त्यातली विद्या दिसेनाशी होते. हे कसबाचं काम आहे. ते शिकावं लागतं, पुन्हा पुन्हा तपासून घ्यावं लागतं. ते कसं शिकले हे इथे तपशिलात लिहिते आहे, कारण बीए-बीकॉम करून इकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींना नेमकं हेच कुणी सांगत नाही.

मी वळले ती एनएसएसमुळे. टीवायला मानसशास्त्र होतं. दिवाळीच्या आधी आम्हा स्वयंसेवकांना एका विशेष शाळेच्या व्यवसाय विभागात पणत्यांच्या कामाला हातभार लावायला पाठवलं. अठरा-वीस वर्षांची मुलं पणत्या रंगवत होती आणि एक मुलगा पाकिटं भरत होता. एका पाकिटात बारा पणत्या. त्याला बारापर्यंत मोजता येत नव्हतं, पाचाच्या पुढे आकडे विस्कटायचे. तरी त्याच्या प्रत्येक पाकिटात बाराच पणत्या होत्या. बाईंनी त्याच्यासमोर एक जाड पुठ्ठा ठेवला होता, त्याला बारा गोल खळगे केलेले. सगळे खळगे भरले की पणत्या पाकिटात जायच्या. मी बराच वेळ तो पुठ्ठा बघत बसले. मोजता येत नाही तर मोजण्याची गरजच काढून टाकायची आणि काम मात्र पूर्णपणे त्याचंच ठेवायचं, हे कुणीतरी डोकं चालवून शोधलेलं होतं. असा विचार करायला कुठे शिकवतात, हे मी त्याच दिवशी त्या बाईंना विचारलं.

त्यांनी पहिल्यांदा कॉलेजचं नाव सांगितलं नाही. आधी म्हणाल्या, "आरसीआयची मान्यता आहे का ते बघ. बाकीचं नंतर." आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. १९९२ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. विशेष शिक्षक, वाचा आणि श्रवणतज्ज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ अशा व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ती ठेवते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केला की त्या नोंदवहीत नाव लागतं आणि सीआरआर क्रमांक मिळतो. नोंदणी नसताना हे काम करणं त्याच कायद्याच्या कलम १३ नुसार शिक्षापात्र आहे. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जणी चार-सहा महिन्यांचं प्रमाणपत्र घेऊन शाळांमध्ये लागतात आणि पुढे सरकारी जागेची जाहिरात आली की अर्जच भरता येत नाही. पैसे आणि उमेदीचा काळ, दोन्ही गेलेले असतात. म्हणून प्रवेशाआधी आरसीआयच्या यादीत कॉलेजचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मान्यतेचं वर्ष हे तिन्ही जुळवून बघा.

बारावीनंतर दोन वर्षांचं स्पेशल डीएड आणि पदवीनंतर स्पेशल बीएड, असे दोन मुख्य रस्ते आहेत. बीएड पूर्वी एका वर्षाचं होतं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. प्रवेशाच्या वेळीच आपलं क्षेत्र निवडावं लागतं: बौद्धिक अक्षमता, कर्णबधिरत्व, दृष्टिदोष, अध्ययन अक्षमता, असं. ही निवड हलक्यात घेऊ नये. नोंदवहीत तेच क्षेत्र लागतं आणि पुढे नोकरीची जाहिरातही त्याच क्षेत्राची येते. मुंबईत ह्यासाठी पर्याय आहेत हे आपलं भाग्य. कर्णबधिर मुलांसाठी काम करायचं असेल तर वांद्रे रिक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. एसएनडीटी विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग जुहूच्या आवारात आहे. बौद्धिक अक्षमतेच्या राष्ट्रीय संस्थेचं मुख्यालय सिकंदराबादला असलं तरी तिचं विभागीय केंद्र खारघरला आहे. पणत्यांचा पुठ्ठा डोक्यात होता, म्हणून मी बौद्धिक अक्षमता घेतली.

सीईटीबद्दल फार लिहीत नाही. १०० प्रश्न, ९० मिनिटं, बुद्धिमापन, सामान्यज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जनरल आणि स्पेशल बीएडची परीक्षा एकच असते. त्यामुळे जनरलला नंबर लागला नाही म्हणून स्पेशलला आलेले काही जण दरवर्षी असतात. माझ्या वर्गातही होते. त्यातल्या एकीने वर्षअखेरीला सगळ्यांत सुंदर केस स्टडी लिहिली, तेव्हा माणूस कोणत्या दाराने आला त्यावरून अंदाज बांधू नये.

पहिल्या सत्रात विषयांचा मारा असतो. मानवी वाढ आणि विकास, समकालीन भारत आणि शिक्षण हे विषय सगळ्या बीएडवाल्यांना असतात तसे आम्हालाही होते. त्यांच्या जोडीला आपलं क्षेत्र कोणतंही असो, बाकीच्या दिव्यांगत्वांची ओळख करून घ्यावीच लागते. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले. यादी पाठ करणं सोपं आहे. ती खरी वाटायला लागली निरीक्षण भेटींमध्ये. अंध मुलांच्या वर्गात मी टेलर फ्रेम पहिल्यांदा हातात घेतली. तारेसारख्या भोकांच्या त्या पाटीवर शिशाचे छोटे ठोकळे असतात, आणि ठोकळा कोणत्या कोनात बसवला त्यावरून तो कोणता अंक हे ठरतं. सहावीतली एक मुलगी बोटांनी हातच्याची बेरीज करत होती आणि मला समजावतही होती. कर्णबधिर मुलांच्या शाळेत मधल्या सुट्टीतलं अंगण हातवाऱ्यांनी भरून गेलं होतं, आणि त्या गप्पांमध्ये भाषा न येणारी एकटी मीच होते. त्या दिवसानंतर भारतीय सांकेतिक भाषेच्या तासाला मी कधी मागच्या बाकावर बसले नाही.

पण आमच्या मॅडमनी सगळ्यांत जास्त रगडून घेतलं ते निरीक्षण लिहिण्यात. नियम असा होता की वहीत फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहायचं. 'हट्टी आहे', 'लक्ष देत नाही', 'मूड नव्हता' असलं एकही वाक्य चालायचं नाही. 'हट्टी' खोडून मॅडम विचारायच्या, "त्याने केलं काय?" मग उत्तर यायचं की, मणी ओवायला दिले, दोन मणी ओवले, ताट बाजूला सरकवलं, खिडकीकडे गेला. "आता हे लिहा." ह्या लिहिण्याने बघण्याची सवयच बदलते. हट्टी मुलाचं काय करायचं हे कुणाला सुचणार? पण दोन मणी ओवून ताट सरकवणाऱ्या मुलाबद्दल विचार करता येतो. मण्याचं भोक लहान आहे का? दोरा मऊ आहे का? किती मणी ओवले की काम संपणार हे त्याला कळतंय का? आम्ही दोऱ्याऐवजी बुटाची नाडी दिली आणि शेजारी पाचच मणी ठेवले. त्याने पाचही ओवले.

जर्नलमध्ये मुलाचं नाव लिहायचं नसतं, 'क' किंवा 'म' असं अक्षर लिहायचं. इथेही मी तेच पाळते.

दुसऱ्या सत्रापासून मुलाचं मूल्यमापन आणि आयईपी, म्हणजे त्या एका मुलासाठी केलेला शिक्षण आराखडा, हे सुरू झालं. बुद्ध्यंक काढणं मानसशास्त्रज्ञांचं काम. शिक्षकाचं काम असतं मुलाला आज काय येतं ते शोधणं. त्यासाठी आम्ही एफएसीपी ही तपासणी सूची वापरायचो. सिकंदराबादच्या संस्थेने केलेली ही सूची पूर्व-प्राथमिकपासून व्यवसायपूर्व गटापर्यंत जाते आणि तिच्यात स्वतःची कामं, सामाजिक वागणूक, शालेय कौशल्यं, कामाची कौशल्यं असे भाग असतात. एखादं काम येतं की नाही एवढंच तिच्यात नोंदवत नाहीत. सांगितल्यावर येतं, दाखवल्यावर येतं की हात धरल्यावर येतं, हेही लिहावं लागतं. मला ह्या सूचीची हीच गोष्ट आवडते. हात धरल्यावर येणाऱ्या मुलाला उद्या खूण केल्यावर येईल, परवा नुसतं सांगितल्यावर. म्हणजे पुढचा रस्ता नोंदीतच दिसतो. एका पातळीवरच्या ८० टक्के गोष्टी यायला लागल्या की मूल पुढच्या गटात जातं.

आणि मग कामाचे तुकडे पाडणं. शर्टाचं बटण लावणं हे आपल्या लेखी एक काम. आम्हाला त्याच्या पायऱ्या लिहायला सांगितल्या तेव्हा सगळा वर्ग स्वतःच्या बटणांशी झटत बसला होता. बटणाची कड चिमटीत धरणं, दुसऱ्या हाताने काजं ताणणं, कड काजातून अर्धी सरकवणं, चिमूट सोडून पलीकडून पकडणं, ओढणं. सरावाच्या शाळेतल्या 'क'च्या बाबतीत आम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली. बाकी सगळं मी करायचे, बटण अर्धं पलीकडे आलं की ओढायचं काम त्याचं. ओढलं की बटण लागलेलं असायचं. म्हणजे पहिल्या दिवसापासून काम पूर्ण करणारा तोच होता. मग शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. सुरुवातीपासून शिकवलं असतं तर प्रत्येक वेळी अर्ध्यात अडून बसला असता आणि पूर्ण मीच केलं असतं. आराखड्यात ध्येय लिहायचं तेही असंच नेमकं: समोर उघड्या असलेल्या शर्टाची मोठी बटणं, तोंडी सूचनेशिवाय, पाचपैकी चार वेळा. 'स्वावलंबी होईल' असं ध्येय मॅडम परत करायच्या, कारण ते साध्य झालं हे कोणत्या दिवशी कळणार?

शाळेतल्या मावशींबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कोणत्या मुलाला किती वाजता शू लागते, कोण डबा खाताना कोणत्या बाजूने चावतो, कोणाला फिट येण्याआधी चेहरा कसा होतो, हे त्यांना माहीत असायचं. शौचाच्या सवयीसाठी दर अर्ध्या तासाला नोंद करायचा तक्ता आम्ही कॉलेजातून शिकून आलो, आणि मावशींनी तो न बघता भरून दिला. विशेष शाळांच्या कामात मावशींचं प्रशिक्षण, त्यांचा पगार, त्यांचं नाव हे सगळं कुठेतरी तळाला असतं. हे मला अजिबात पटत नाही.

वर्तन समस्यांचा भाग मला पुस्तकात कोरडा वाटला होता, वर्गात त्याचा खरा अर्थ कळला. 'म' नावाची दहा वर्षांची मुलगी लिहायला बसवलं की टेबलावरचं सगळं खाली फेकायची. फेकलं की तिला बाहेर मावशींकडे बसवायचे. आम्ही आठवडाभर तीन रकान्यांत लिहिलं: आधी काय घडलं, तिने काय केलं, नंतर काय झालं. पानभर नोंदी झाल्यावर चित्र उघड होतं. पहिल्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे 'लेखन', तिसऱ्या रकान्यात 'बाहेर नेलं'. लिखाण नकोसं झाल्यावर त्यातून सुटण्याचा तिला माहीत असलेला एकच मार्ग ती वापरत होती, आणि आपण मोठी माणसं तो रोज पक्का करत होतो. तिला बोलता येत नव्हतं. आम्ही तिच्या टेबलाला वेल्क्रोने एक कार्ड लावलं, त्यावर हाताचा पंजा. कार्ड काढून दिलं की दोन मिनिटं थांबायचं. लेखनाचं काम चार ओळींवरून एका ओळीवर आणलं. पहिल्या काही दिवसांत ती सारखं कार्ड द्यायची आणि आम्ही सारखं थांबायचो. नंतर एक ओळ लिहून द्यायला लागली, मग दोन. फेकणं थांबलं. ह्यात माया होतीच, पण नुसत्या मायेला तो तिसरा रकाना दिसला नसता.

शैक्षणिक साहित्यासाठी अब्दुल रहमान स्ट्रीटच्या खेपा सगळ्यांच्याच व्हायच्या. पुठ्ठे, वेल्क्रोची रिळं, लॅमिनेशनचे कागद घेऊन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढणं ही वेगळीच कसरत. तयार होणारं साहित्य मात्र चकचकीत असून चालत नाही. नाणी शिकवायची तर खरी नाणी, भाज्या शिकवायच्या तर बाजारातल्या भाज्या. प्लॅस्टिकचा टोमॅटो ओळखणारं मूल खऱ्या टोमॅटोपाशी गप्प राहतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. मोठ्या मुलांना वाचन शिकवताना 'कमळ', 'बगळा' ह्यांच्या आधी 'महिला', 'पुरुष', 'धोका', 'बाहेर' हे शब्द घ्यायचे, कारण स्टेशनवर तेच लागतात. आम्ही त्यांना घेऊन स्टेशनवर जायचो, तिकीट खिडकीपुढे रांगेत उभं राहायचं, फलाटाच्या पिवळ्या रेषेच्या मागे थांबायचं, दिव्यांग डब्याची खूण शोधायची.

ह्या शहरात शिकवताना पुस्तकातला आराखडा घरात मावत नाही, हे मात्र आपलं आपणच शिकावं लागतं. 'क' राहायचा बैठ्या चाळीत, एका खोलीत, घरात सहा माणसं. संडास गल्लीच्या टोकाला, सार्वजनिक. आईची सगळ्यांत मोठी मागणी एकच होती की त्याने संडासला एकट्याने जावं. पुस्तकातल्या पायऱ्या सुरू होतात त्या घरातल्या बाथरूमच्या दारापासून. आमच्या पायऱ्या सुरू झाल्या घरात डबा भरण्यापासून. भरलेला डबा न सांडता गल्लीतून नेणं, रांगेत उभं राहणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, रिकामं दार ओळखणं, आतून कडी लावणं, आणि सगळं झाल्यावर ती कडी काढता येणं. कडीवर आमचे कितीतरी दिवस गेले, कारण आत अडकला तर काय ही आईची भीती खरी होती. शेवटी वडिलांनी तशीच कडी हार्डवेअरच्या दुकानातून आणून एका फळीवर बसवली आणि तो घरी, शाळेत, दोन्हीकडे तिचा सराव करायला लागला. रांगेतल्या लोकांशी आई स्वतः बोलली. काही जण कुरकुरले, पण एका आजोबांनी रोज सकाळी त्याच्या मागचा नंबर आपला ठेवला. आमच्या जर्नलमध्ये मी हे सगळं पायरीवार लिहिलं आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाकी सगळं सोडून त्यावरच प्रश्न विचारले.

हीच आई रोज दोन गाड्या बदलून त्याला शाळेत आणायची आणि शाळा सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायची, कारण जाऊन परत यायला तेवढाच वेळ लागला असता. आईवडिलांना 'घरी सराव घ्या' असं सांगण्याआधी त्यांचा दिवस कसा जातो ते विचारायचं, हे मी अशा आयांकडून शिकले. पावसाळ्यात हजेरी निम्म्यावर येते. त्याला पालकांची उदासीनता म्हणणाऱ्याने एकदा व्हीलचेअर घेऊन भर पावसात कुर्ल्याचा पूल चढून बघावा.

वयात येणाऱ्या मुलींना पाळीची तयारी शिकवणं हाही आमच्या सरावाचा भाग होता. लाल रंग टाकलेलं पाणी, खरा पॅड, खरी चड्डी, आणि पुन्हा त्याच लहान लहान पायऱ्या. सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श, दार लावून कपडे बदलणं, 'नाही' म्हणणं किंवा नकाराची खूण करणं. आम्ही मुली हे शिकवायला सुरुवातीला बिचकत होतो, आमच्या वर्गातले मुलगे त्याहून जास्त. पण ह्या मुलींना हे शिकवायचं टाळलं तर त्यांचं काय होऊ शकतं हे त्यांच्या आयांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्या आया सत्राला काम सोडून येत.

शेवटच्या टप्प्यात काही आठवडे सर्वसाधारण शाळेत काढावे लागतात. तिथला अनुभव मनाला लागला. शिक्षक चांगले होते, पण दिव्यांग मुलांचा विषय निघाला की "तुमची मुलं" म्हणायचे. मूल चौथी 'ब'च्या हजेरीपटावर, आणि आम्ही चार दिवसांपूर्वी आलेल्या शिकाऊ बाया. मी रिसोर्स रूममध्ये, म्हणजे ह्या मुलांना वेगळं घेऊन शिकवायच्या खोलीत, बसून राहायचं नाही असं ठरवलं आणि त्या वर्गशिक्षिकेच्या तासाला मागे बसायला लागले. परिसर अभ्यासाच्या चाचणीत मी त्यांना विचारून प्रश्न तेच ठेवले, फक्त एका पानावर तीनच, मोठ्या अक्षरात, शेजारी चित्रं. त्या मुलाने सहापैकी चार बरोबर सोडवले. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःहून आणखी पाच मुलांसाठी तसाच कागद मागितला. त्या पाचांपैकी कुणाकडेही दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नव्हतं.

अध्ययन अक्षमता माझं क्षेत्र नव्हतं, पण रिसोर्स रूममध्ये सगळ्यांत जास्त पालक त्याचीच चौकशी करायला यायचे. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, त्यासाठी सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी क्लिनिक आहे. पालक बहुधा नववीत धावाधाव सुरू करतात. तिसरी-चौथीतच अक्षरांचा गोंधळ दिसत असेल तर तेव्हाच तपासून घेतलेलं केव्हाही बरं, कारण सवलत परीक्षेपुरती असते आणि शिकवण्याची वर्षं हातची निघून जातात.

निकालानंतर नोंदणी केली, सीआरआर क्रमांक मिळाला. तो कायमचा नसतो, मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांचे गुण साठवावे लागतात. मला हे योग्यच वाटतं.

नोकरीबद्दल खरं सांगायचं तर पहिला पगार बघून आईचा चेहरा उतरला होता. महाराष्ट्रात विशेष शाळा शालेय शिक्षण विभागाकडे नाहीत. आधी त्या सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, डिसेंबर २०२२ मध्ये वेगळा दिव्यांग कल्याण विभाग झाला, आता त्याच्याकडे आहेत. अनुदानित शाळेत जागा क्वचित निघते. विनाअनुदानित शाळा, खासगी शाळांची रिसोर्स रूम, समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतलं कंत्राटी पद ही बहुतेकांची सुरुवात असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांसाठी प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दर १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे दर १५ मागे एक. हे प्रमाण शाळांमध्ये उतरलं तर प्रशिक्षित माणसं कमी पडतील. आणि इथेच मला ते पुण्याचं वाक्य खुपतं. मुलाखतीत पगाराचा विषय काढल्यावर समोरून "ह्या क्षेत्रात समाधान मोठं असतं" असं उत्तर येतं. समाधान मोठं असतं, मी नाकारत नाही. पण दोन वर्षं शिकून, नोंदणी घेऊन आलेल्या माणसाला त्याच्या कामाचा मोबदला मिळाला नाही तर तो तिसऱ्या वर्षी हे क्षेत्र सोडतो, आणि 'म'चं कार्ड टेबलावरून कुणीतरी काढून टाकतं. माझ्या वर्गातल्या दोन उत्तम शिक्षिका आज बँकेच्या परीक्षा देत आहेत. नुकसान त्यांच्यापेक्षा मुलांचं जास्त आहे.

सगळ्यांनी शिक्षकच व्हावं असंही नाही. विज्ञान शाखेतल्या मुलांसाठी वाचा आणि श्रवणतज्ज्ञाची पदवी आहे, ऑक्युपेशनल थेरपी आहे, हाजी अलीच्या केंद्रीय संस्थेत कृत्रिम अवयव आणि आधारसाधनांचं शिक्षण मिळतं. समाजकार्याकडे ओढा असेल त्यांनी देवनारच्या टीआयएसएसमधला (टाटा समाजविज्ञान संस्था) दिव्यांगत्व अभ्यासाचा पर्याय बघावा. सांकेतिक भाषेचे दुभाषे तर फारच थोडे आहेत. ह्यातली प्रत्येक वाट मुलापाशीच येते. 'क'ची चिमूट ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी पक्की केली नसती तर माझी बटणं कुठली लागायला?

यंदा कुणी विचार करत असेल तर आधी एखाद्या विशेष शाळेत परवानगी काढून सलग काही दिवस बसून या. सणासुदीला नको, साध्या सोमवारी-मंगळवारी. तिथून परत जावंसं वाटलं तर फॉर्म भरा. आणि कॉलेज बघायला गेलात की इमारत, फी, होस्टेल ह्यांच्याआधी हे विचारा: सरावासाठी कोणत्या शाळेत पाठवता? एका वर्गात एका वेळी किती विद्यार्थी-शिक्षक सोडता? पाठ चालू असताना तुमच्याकडचं कोण मागे बसतं, आणि आमची निरीक्षण वही कोण वाचतं?